उतारावर मांडलेल्या बिया

बियांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत एक यंत्र असते. दिसायला ते अगदी साधे आहे. टेबलाएवढी ॲल्युमिनियमची जाड फळी, तिच्या कडांशी जोडलेल्या नळ्या आणि वर पारदर्शक झाकण. त्याला थर्मोग्रेडियंट प्लेट म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ताप-उताराचा पाटा म्हणू. पाट्याची एक कड सतत थंड ठेवलेली असते आणि समोरच्या कडेला ऊब दिलेली असते. ॲल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेते, त्यामुळे थंड कडेपासून गरम कडेपर्यंत तापमान सलग चढत जाते. एका कडेला ५ अंश सेल्सियस ठेवले आणि दुसऱ्या कडेला ४०, तर मधल्या प्रत्येक पट्ट्याला स्वतःचे वेगळे तापमान मिळते. त्यावर बियांच्या काचेच्या बशा ओळीने मांडायच्या आणि रोज झाकण उघडून पाहायचे, कोणत्या बशीत मुळाचे टोक बाहेर आले.

या यंत्राचा दुतर्फा प्रकार मला फार विचारपूर्वक घडवलेला वाटतो. त्यात दिवसा उतार डावीकडून उजवीकडे असतो. रात्र झाली की तो बंद होतो आणि पुढून मागे असा दुसरा उतार सुरू होतो. पाट्यावर दहा ओळी आणि दहा रकाने आखले, तर एकाच वेळी शंभर बशा बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला दिवस-रात्रीची वेगळी जोडी येते. एका कर्णावरच्या बशांना दिवसा आणि रात्री सारखेच तापमान मिळते. कर्णापासून दूर जावे तसा दिवस-रात्रीतला फरक वाढत जातो. एका कोपऱ्यात दिवस तापलेला आणि रात्र गारठलेली असते, म्हणजे माळरानावरचा उघडा खडक. समोरच्या कोपऱ्यात दिवस गार आणि रात्र गरम, अशी परिस्थिती निसर्गात जवळपास कुठेच नसते. पण त्या कोपऱ्याचा उपयोग आहे. बीला तापमानातला नुसता चढउतार हवा आहे, की ऊब उजेडाच्या वेळीच हवी आहे, हे तिथूनच कळते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते समजायला इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधल्या वेकहर्स्ट इथे जायला हवे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची मिलेनियम सीड बँक तिथे आहे. तिची इमारत २००० साली उघडली. जमिनीखालच्या तिच्या शीतकोठारांत जगभरातल्या ४०,००० हून अधिक रानटी जातींच्या सुमारे २४० कोटी बिया आहेत. आलेली बी आधी १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत सावकाश सुकवतात. नंतर ती हवाबंद बरणीत घालून उणे २० अंशांत ठेवतात. बी जितकी कोरडी आणि जितकी थंड, तितके तिचे आयुष्य वाढते. बीजशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी केला की तिचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट होते. सगळ्या जातींना आणि सगळ्या मर्यादांत तो लागू पडत नाही, पण अशा कोठारांमागचा विचार त्यात आहे.

कोठाराचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. माझ्या मते संस्थेचा प्राण मात्र रुजवण्याच्या खोलीत आहे. बरणीत बी आहे, एवढ्याने वनस्पती वाचली असे होत नाही. मॉरिशस बेटावरच्या सिलिंड्रोक्लाइन लोरेन्सी या झुडपाची हकीकत याबाबतीत फार बोलकी आहे. फ्रान्समधल्या ब्रेस्ट इथल्या वनस्पती संवर्धन केंद्राचे जाँ-इव्ह लेझुएफ यांनी १९८० साली त्याच्या थोड्या बिया आणल्या. १९९०पर्यंत रानातले शेवटचे झुडूप संपले. मग बिया बाहेर काढल्या, तर एकही रुजेना. तपासणीत दिसले की भ्रूणाचा बराचसा भाग मेला आहे, थोड्याच पेशी जिवंत आहेत. ब्रेस्टच्या लोकांनी त्या जिवंत पेशींपासून ऊतीसंवर्धनाने रोपे घडवली, आणि नाहीशी झालेली जात परत आली. हे यश मोठे आहे, पण ते अगदी कडेलोटाच्या क्षणी हाताला लागले. बी जिवंत असतानाच ती रुजते कशी, हे शोधून लिहून ठेवलेले असले तर अशी वेळ येत नाही. म्हणून वेकहर्स्टमध्ये आलेल्या बिया थोड्या थोड्या काढून रुजवून पाहतात आणि काही वर्षांनी तीच परीक्षा पुन्हा घेतात.

परीक्षा घेण्याची रीत अशी. पाण्यात एक टक्का अगर घालून शिजवतात आणि बशीत ओततात. तो थिजला की त्यावर मोजून बिया मांडतात. अगर बीला लागेल तसा ओलावा देतो आणि तिला बुडवत नाही. मग बशा वेगवेगळ्या तापमानांच्या उबवणी कपाटांत जातात. कुठे कायम ५ अंश, कुठे १५, कुठे २५, तर कुठे दिवसा २५ आणि रात्री १०. ज्या बियांना अंधारात तपासायचे, त्यांच्या बशा ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदात गुंडाळतात. त्या मधूनच उघडून पाहायच्या असतील तर मंद हिरव्या दिव्याखाली पाहतात, कारण बहुतेक बियांवर हिरव्या उजेडाचा परिणाम सर्वांत कमी होतो. मुळाचे टोक ठरलेल्या मापाइतके, पुष्कळदा दोन मिलिमीटर, बाहेर आले की ती बी रुजली असे धरतात.

तापमानाचे गणित सर्वांत स्वच्छ दिसले ते एका अशा पिकात, ज्याची ओळख महाराष्ट्राला करून द्यायला नको. १९८२ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या गार्सिया-उइदोब्रो, माँटीथ आणि स्क्वायर या संशोधकांनी बाजरीच्या बिया ताप-उताराच्या पाट्यावर मांडल्या. दहा-बारा अंशांच्या खाली बाजरी रुजण्याचे नाव घेत नाही. त्याच्या वर रुजण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. ३३-३४ अंशांना तो शिगेला पोचतो आणि तिथून तसाच सरळ रेषेत घसरत पंचेचाळिशीच्या पुढे शून्यावर येतो. याचा अर्थ असा की बी ऊब साठवत असते. किमान तापमानाच्या वर जितके अंश आणि जितका वेळ मिळेल, त्यांचा गुणाकार ठरावीक बेरजेला पोचला की मूळ बाहेर येते. किमान १२ अंश धरले, तर २२ अंशांना रोज १० अंश जमा होतात आणि ३२ अंशांना २०, म्हणून लागणारे दिवस निम्मे होतात. या हिशेबाला ताप-काळ म्हणता येईल. आज हवामानबदलाचा बियांवरचा परिणाम मोजताना हीच रीत वापरतात.

पण बाजरी माणसाने हजारो वर्षे पेरलेली आहे. पेरल्याबरोबर उगवेल तेच बियाणे शेतकरी पुढच्या वर्षासाठी राखत आला, त्यामुळे तिच्यातला हट्टीपणा निघून गेला. रानातली बी अशी नसते. ओल, ऊब आणि हवा सगळे मिळूनही ती रुजत नाही. त्या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या कॅरल आणि जेरी बास्किन या दांपत्याने आयुष्यभर याच विषयावर काम केले. कुठल्या हवामानात कोणत्या प्रकारची सुप्तावस्था आढळते, याची त्यांनी केलेली मांडणी आजही या क्षेत्राचा पाया आहे. काही बियांचे कवचच पाणी आत घेत नाही. बाभळीचे बी उकळून उतरवलेल्या पाण्यात भिजत घालायचे, हे आपल्या वनखात्याच्या रोपवाटिकांतले रोजचे काम त्याच कवचावरचा उपाय आहे. सागाच्या बिया आळीपाळीने भिजवून उन्हात सुकवायची रीतही रोपवाटिकांत जुनी आहे. काही बियांत भ्रूण अजून पुरता वाढलेलाच नसतो. आणि पुष्कळ बियांत अडथळा रासायनिक असतो. तो ठरावीक ऋतू अनुभवल्याशिवाय उतरत नाही.

वेकहर्स्टच्या रानात वसंतात ब्लूबेलची निळी फुले पसरतात. त्यांची बी उन्हाळ्यात खाली पडते. तिला आधी उन्हाळ्याची ऊब काही आठवडे मिळावी लागते, आणि मग दहा-अकरा अंशांची शरदातली गारवट. या क्रमानेच ती रुजते. थेट गारव्यात ठेवली तर पडून राहते, सतत उबेत ठेवली तरी पडून राहते. युरोपातला ॲश वृक्ष याहून चिवट आहे. बुरशीच्या एका रोगाने हे झाड युरोपभर मरत चालले आहे, म्हणून ब्रिटनमध्ये २०१३ साली देशी वृक्षांच्या बिया गोळा करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात ॲशला अग्रक्रम मिळाला. त्याच्या बीला आधी उबदार, मग थंड असा लांब काळ ओलसर स्थितीत काढावा लागतो. रानात ती दुसऱ्या हिवाळ्यानंतर उगवते. थंडीची अट असलेल्या बियांना हिवाळा आखूड झाला तर काय होईल, हे कपाटात आजच पाहता येते: थंडीचे आठवडे एक एक करून कमी करायचे आणि किती बशा रिकाम्या राहतात ते मोजायचे.

तापमानावरून बी आपल्या जागेचाही अर्थ लावते. उघड्या जमिनीवर दिवस आणि रात्र यांत मोठा फरक असतो. गवताच्या किंवा पालापाचोळ्याच्या पांघरुणाखाली तो कमी होतो, आणि मातीत खोल गेल्यावर जवळपास नाहीसा होतो. म्हणजे दिवस-रात्रीतला चढउतार जाणवला की बीला कळते, आपण पृष्ठभागाजवळ आहोत आणि वर कुणाची सावली नाही. शेफील्ड विद्यापीठातल्या फिलिप ग्राइम आणि केन थॉम्पसन यांनी १९७६ साली नेमका हा चढउतार मोजणारे उपकरण तयार केले आणि अनेक जातींवर प्रयोग केले. दलदलीतल्या पुष्कळ वनस्पती या इशाऱ्याला फार हळव्या निघाल्या. त्याचे कारण लगेच पटते. खोल पाण्याखालच्या चिखलाला दिवस-रात्र सारखेच असतात. पाणी उतरले की चिखल तापू-निवू लागतो, आणि तोच उगवण्याचा मोसम. रानकेळीच्या एका जातीवर १९६२ साली झालेल्या प्रयोगांतही हेच दिसले. मुसा बाल्बिसियाना या केळीच्या बिया स्थिर तापमानात रुजत नाहीत; त्यांना आळीपाळीची ऊब आणि गारवा लागतो. घनदाट रानात झाड पडून मोकळी जागा झाली की रानकेळ तिथे पहिली उगवते, याच्याशी ते जुळणारे आहे. मिलेनियम सीड बँकेने २००९ साली जगातल्या रानटी वनस्पतींपैकी दहा टक्के जाती साठवल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या टप्प्याची जात म्हणून निवडलेली चीनमधली वनस्पती गुलाबी रानकेळच होती.

उजेडाची गोष्ट याहून चकित करणारी आहे. वॉशिंग्टनजवळच्या बेल्ट्सव्हिल इथे अमेरिकेच्या कृषी खात्याचे संशोधन केंद्र आहे. हॅरी बॉर्थविक आणि स्टर्लिंग हेन्ड्रिक्स यांच्या गटाने तिथे १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग केला. ग्रँड रॅपिड्स नावाच्या वाणाच्या भिजलेल्या बियांवर सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश थोडा वेळ टाकला की त्या रुजत. मागोमाग सुमारे ७३० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा दूरलाल प्रकाश टाकला की रुजणे थांबे. पुन्हा लाल टाकला की पुन्हा रुजत. आळीपाळीने अनेकदा प्रकाश टाकून पाहिला. निकाल प्रत्येक वेळी शेवटच्या प्रकाशानेच ठरला. एका छोट्या बीमध्ये उलटसुलट फिरणारी अशी कळ आहे, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हते. पुढे त्याच केंद्रात त्या कळीचा रंगद्रव्यरूपी पुरावा हाती आला, आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले. आज फुलण्याची वेळ, रोपाची उंची, पानांची ठेवण अशा कितीतरी गोष्टी त्याच्याशी जोडल्या गेल्या आहेत.

ही कळ बीच्या काय कामाची? हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि दूरलाल प्रकाश पलीकडे जाऊ देते. उघड्यावरच्या उन्हात लाल आणि दूरलाल जवळपास सारख्या प्रमाणात असतात. दाट पानांखाली मात्र लाल प्रकाश दूरलालच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतो. तिथे पडलेल्या बीला तो उजेड सांगतो की वरची जागा दुसऱ्याने घेतली आहे, तू थांब. मातीत तर उजेड काही मिलिमीटरच शिरतो. राईच्या दाण्याहून बारीक बीकडे इतकाच साठा असतो की खोल मातीतून रोप वर येण्याआधीच संपावे. त्यामुळे बारीक बिया बहुधा उजेडाची वाट पाहतात आणि मोठ्या बियांना त्याची फारशी पर्वा नसते. काही गाडलेल्या बियांना तर क्षणाचा उजेडही पुरतो. नांगर फिरताना माती उलटते, तेवढ्यात तणांच्या बिया जाग्या होतात. जर्मनीत कार्ल हार्टमान आणि वेर्नर नेत्साडाल यांनी १९९० साली रात्रीच्या अंधारात नांगरणी केल्यास तण लक्षणीय कमी उगवते, असे दाखवले. नंतर इतरत्र झालेल्या प्रयोगांत सगळीकडे तितका फरक दिसला नाही, पण त्यामागचे कारण पक्के आहे.

आणि उजेड व तापमान वेगवेगळे राहत नाहीत. त्याच लेट्यूसच्या बिया गारव्यात अंधारातही रुजतात. पंचवीस अंशांच्या आसपास त्यांना उजेड हवा असतो. त्याहून बऱ्याच वर गेल्यावर उजेड दिला तरी त्या हलत नाहीत. म्हणून 'या जातीला उजेड लागतो' असे नुसते विधान मला अपुरे वाटते. कोणत्या तापमानाला लागतो, हे सोबत हवे. संकटग्रस्त वनस्पतींच्या नोंदींत हा तपशील गाळला गेला, तर पुढच्या माणसाला सगळे पहिल्यापासून शोधावे लागते.

उजेडाची ही समज संवर्धनात थेट उपयोगी पडते. केंब्रिजजवळ विकेन फेन नावाची राखीव दलदल आहे. तिथली फेन व्हायोलेट ही फिकट फुलांची दुर्मीळ वनस्पती कित्येक दशके कुणाला दिसली नव्हती. झुडपे माजली होती, जमीन सावलीत गेली होती. झुडपे काढली गेली, काळी माती उघडी पडली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुन्हा तिथे सापडल्याची नोंद झाली. बाहेरून कुणी रोप आणून लावले नव्हते. बिया मातीत होत्याच. अशा ठिकाणी कोयता आणि फावडे हीच संवर्धनाची साधने ठरतात, आणि जमीन 'आहे तशी' कुंपणात बंद करून ठेवणे घातक ठरू शकते. आपल्याकडेही राखीव क्षेत्र म्हटले की पहिला विचार कुंपणाचा होतो. उघड्या जागेवर जगणाऱ्या झाडोऱ्यासाठी चराई आणि माणसाचा वावर पूर्ण थांबवण्याआधी त्या बियांना काय हवे आहे ते पाहिले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

सगळ्याच बियांना उजेड हवा असतो असेही नाही. जमिनीत उगवणाऱ्या अनेक ऑर्किडांच्या धुळीसारख्या बिया उजेडाने उलट अडतात. लेडीज स्लिपर हे ब्रिटनमधल्या सर्वांत दुर्मीळ ऑर्किडांपैकी एक. रानात त्याचे एकच झाड उरले होते. क्यूच्या ऑर्किड प्रकल्पात त्याच्या बिया पोषक अगरवर अंधारात वाढवल्या गेल्या आणि त्यांची रोपे परत रानात लावली गेली.

पण या सगळ्यात मला सर्वाधिक भावते ती रुवांडातल्या एका पाणकमळाची हकीकत. १९८७ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एबरहार्ड फिशर यांना माशुझा इथल्या गरम झऱ्याच्या काठी जगातले सर्वांत लहान पाणकमळ सापडले. त्याची पाने अगदी एखाद्या सेंटिमीटरइतकीही असू शकतात. त्याला निम्फिया थर्मेरम हे नाव मिळाले. फिशर यांनी काही रोपे जर्मनीतल्या बॉनच्या वनस्पती उद्यानात पाठवली. पुढे शेतीसाठी झऱ्याचे पाणी वळवले गेले आणि २००८पर्यंत ते कमळ झऱ्याकाठून नाहीसे झाले. क्यूमध्ये कार्लोस मॅग्दालेना यांच्या हाती थोड्या बिया आल्या. कमळ म्हणजे पाण्याखाली बी पेरायची, हा सगळ्यांचा अनुभव. बिया रुजत, पण रोपे मोठी होत नसत. पाण्याची खोली, आम्लता, सगळे बदलून झाले. अखेर त्यांनी मूळ जागेच्या वर्णनाकडे नीट पाहिले. हे कमळ पाण्यात नव्हे, झऱ्यालगतच्या ओल्या, कोमट चिखलात वाढत होते. मग २५ अंशांच्या पाण्यात मातीची कुंडी अशी ठेवली की माती पाण्याच्या पातळीला टेकेल आणि रोपाला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळेल. रोपे वाढू लागली. २००९च्या नोव्हेंबरात क्यूमध्ये त्याला पहिले फूल आले. जगातल्या उत्तम उद्यानाची सारी सामग्री हाताशी होती. तरी उत्तर मिळाले ते झाड कुठे आणि कसे राहत होते, हे ज्याने रानात पाहून लिहिले होते त्याच्या नोंदीतून.

हा मुद्दा दुर्मीळ वनस्पतींसाठी कळीचा आहे, कारण ताप-उताराच्या पाट्याला भरपूर बिया लागतात. शंभर बशांत पंचवीस-पंचवीस म्हटल्या तरी अडीच हजार. ज्या झाडाची रानात तीस-चाळीस डोकी उरली आहेत, त्याच्या इतक्या बिया कोण तोडणार आणि का तोडू द्यायच्या? अशा वेळी आधी त्याच्या मूळ जागेचे हवामान पाहतात: बी केव्हा पडते, त्यानंतर कोणता ऋतू येतो, पहिला पाऊस पडतो तेव्हा दिवस किती गरम आणि रात्र किती गार असते. मग त्याच्या जवळच्या, अजून विपुल असलेल्या नातलग जातीची बी पाट्यावर मांडतात. त्यातून जे दोन-तीन पर्याय निघतील, तेवढेच मोजक्या दुर्मीळ बियांवर करून पाहतात. यासाठी क्यूने रुजवण्याच्या हजारो नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. कोणत्या जातीच्या किती बिया कोणत्या तापमानाला, किती तासांच्या उजेडात रुजल्या, असा रोकडा तपशील त्यात असतो.

या नोंदींचा एक उपयोग आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली त्या वापरून जगभरातल्या वनस्पतींच्या रुजण्याच्या कमाल-किमान मर्यादा तपासल्या. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींची सहनशक्ती अरुंद आहे, असा समज होता. ती अरुंद नाही, असे निघाले. पण त्या आजच त्यांच्या वरच्या मर्यादेच्या जवळ उभ्या आहेत. थंड प्रदेशातल्या झाडोऱ्याला आणखी दोन अंश वाढले तरी वाव आहे, आपल्याकडच्या पुष्कळांना तेवढा नाही.

आणि काही बियांना कोठार हा पर्यायच नाही. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी पूर्ण सुकवली की मरते, हे कोकणात सांगायला नको. अशा सुकणे न सोसणाऱ्या बियांना उणे २० अंशांत ठेवता येत नाही. क्यूच्याच संशोधकांनी २०१८ साली हिशेब मांडला की अतिसंकटग्रस्त वनस्पतींपैकी ३६ टक्के जातींच्या बिया या गटात असाव्यात. रानजायफळ त्यातलेच. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे-हेवाळे इथे आणि गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत रानजायफळांच्या दलदली उरल्या आहेत, त्या गावांनी देवराई म्हणून राखल्यामुळे. त्यांची बी ओल्या चिखलात पडते आणि लवकर रुजते. ती थांबत नाही, म्हणून साठवताही येत नाही. भ्रूण काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांत ठेवण्याचे तंत्र काही जातींत जमले आहे, पण ते महागडे आणि प्रत्येक जातीसाठी वेगळे. तोवर रानजायफळाचे कोठार म्हणजे ती राईच, आणि तिच्यातून वाहणारे पाणी.

सह्याद्रीच्या सड्यांवर नेमकी उलट परिस्थिती आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. एप्रिल-मेमध्ये तो भाजून निघतो, जूनमध्ये चिंब होतो, आणि पावसाबरोबर दिवसाचे तापमान झपाट्याने उतरते, धुके आले की उजेडही मंदावतो. इथल्या वार्षिक वनस्पतींच्या बारीक बिया हा सगळा उन्हाळा खडकाच्या भेगांत काढतात. त्यांना तो तापलेला उन्हाळा सुप्तावस्था उतरवण्यासाठी लागतो, की त्या नुसत्या तग धरून असतात? जून-जुलैतल्या मंद उजेडात त्या रुजतात त्या कोणत्या दिवस-रात्रीच्या जोडीला? हे प्रश्न प्रत्येक जातीसाठी वेगळे विचारावे लागतील. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात वाढवून जतन केल्या आहेत, हे काम देशभर नावाजले गेले. कंदीलपुष्पाचा कंद खाल्ला जातो, म्हणून तो खणला जातो आणि झाड संपते. बीच्या टोकाला रेशमी तंतूंचा झुपका असतो, ती वाऱ्यावर जाते. अशा झाडाच्या बाबतीत बीवर जितके लक्ष देऊ तितके थोडे आहे.

आपल्याकडे संकटग्रस्त जातींच्या याद्या होतात, छायाचित्रे निघतात, नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध होतात. त्यांच्या जोडीला रुजवण्याचे तक्ते हवेत. त्यासाठी ॲल्युमिनियमचा मोठा पाटा असलाच पाहिजे असे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात दोन तापमाने आळीपाळीने देणारे एक उबवणी कपाट, काचेच्या बशा, अगर, चंदेरी कागद आणि रोज न चुकता मोजणारी दोन मुले असली, तर वनखात्याची आणि जैवविविधता मंडळाची रीतसर परवानगी घेऊन सुरुवात करता येते. आधी विपुल जाती, मग त्यांचे दुर्मीळ नातलग. खडकाचे तापमान नोंदवणारे लहान यंत्र सड्यावर वर्षभर ठेवले, तर कपाटात कोणते अंश लावायचे ते त्यावरूनच ठरेल.

मोजणी संपल्यावर एक काम उरते. ज्या बिया रुजल्या नाहीत, त्या एकेक करून पात्याने कापून पाहायच्या. आत काहीच नसेल तर ती बी पोकळ होती, ती हिशेबातून वगळायची. आत मऊ, काळपट लगदा असेल तर ती मेली. आत घट्ट, पांढरा, ताजा गर निघाला तर ती मृतांच्या रकान्यात लिहायची नाही. तिची नोंद वेगळी करायची, आणि त्या जातीसाठी दुसरी थंडी, दुसरा उन्हाळा किंवा दुसरा उजेड ठरवून नवी बशी लावायची.